काळं फडकं

बॉयलरवाल्याने एकतीस वर्षं कोळशाच्या वीजकेंद्रात भट्टी सांभाळली. चिमणीची काजळी नेमकी त्याच्याच गच्चीवर उतरायची. बायको रोज कपडे वाळत घालण्याआधी दोरी पुसायची आणि त्या चिमणीच्या नावाने बोटं मोडायची.

मग सरकारने कोळसा बंद केला, वीज उन्हावर आणि वाऱ्यावर बनू लागली, केंद्राला टाळं लागलं. हा घरी बसला. तरी बायकोचं दोरी पुसणं काही सुटेना.

"अगं, धूर केव्हाच गेला! आता काय पुसतेस, डोंबल?" एका सकाळी तो खेकसला.

तिने पांढरंशुभ्र फडकं उलटसुलट करून पाहिलं.

"बॉयलर फुटून तुमचे दोन सोबती गेले, तेव्हा आठवडाभर दोरी अशीच स्वच्छ होती," ती म्हणाली. "तेव्हापासून फडकं काळं निघालं, की जिवात जीव यायचा."