किती वेळात लागतं हो हे?

पहिल्यांदा रक्त दिसलं तेव्हा मी बाथरूमचा दिवा बंद करून बाहेर आलो, जसं काही दिवा घालवला की तेही जाणार होतं. दुसऱ्यांदा दिसलं तेव्हा मोठ्यानं म्हणालो, "मूळव्याध असेल." आणि बोललो तसा अंगावर काटाच आला. हेच वाक्य, याच दारात उभं राहून, सहा वर्षांपूर्वी मी बायकोला म्हणालो होतो. "मूळव्याध असेल. मिरची कमी कर." तिनं बिचारीनं मिरची कमी केली. चार महिने बिनतिखटाचं खाल्लं. मग तपासलं तर आतड्याचा कॅन्सर निघाला, आणि डॉक्टरनं मला एकट्याला बाहेर बोलावून सांगितलं, "सर, उशीर झाला." त्यानंतर ती वर्षभरही राहिली नाही.

आता तेच रक्त मला. तेच दुखणं आहे का दुसरं काही, एवढं मला कळायला हवं होतं. आणि या वेळी उशीर करायचा नव्हता.

लातुरात दवाखान्यांना काय तोटा? पण मी तीस वर्षं इथं गणित शिकवलंय. पाटी लावून बसलेला दर तिसरा डॉक्टर माझ्या हातचे फटके खाल्लेला. ज्याला मी वर्गात अंगठे धरून वाकवलं, त्याच्यापुढं आता मी तीच बाजू करून आडवा होऊ? मेलो तरी नाही. म्हणून नांदेड गाठलं. एसटीनं चार तास, आणि तिथं मला कुत्रं ओळखत नाही.

मुलाला सांगितलं नाही. तो बंगळुरूला असतो. दर रविवारी फोन करतो, "बाबा, जेवलात का?" मी म्हणतो, "हाव, जेवलो." मग तो नातीचं काहीतरी सांगतो आणि फोन ठेवतो. त्याची आई गेली तेव्हा त्यानं एकदाच विचारलं होतं, "बाबा, तुम्ही तिला आधी का नाही नेलं?" त्यानं पुन्हा विचारलं नाही. तेव्हापासून आम्ही दोघं जेवणावरच बोलतो.

नांदेडच्या दवाखान्यात दुर्बिणीच्या तपासणीची तारीख मिळाली. तिथल्या सिस्टरनं दोन पुड्या हातात ठेवल्या, एक छापील कागद दिला आणि पाठ केल्यासारखं म्हणून टाकलं, "आदल्या दिवशी सकाळपासून जेवण बंद. पाणी प्यायचं, नारळपाणी चालतंय. संध्याकाळी सहाला एक पुडी लिटरभर पाण्यात, पहाटे पाचला दुसरी. सोबत माणूस लागतंय, काका. भूल देतेत. एकट्याला सोडत न्हाईत."

"माणूस बघतो," मी म्हणालो. "पण मला सांगा, किती वेळात लागतं हे? आणि थांबतं कधी?"

"कुणाला तासाभरात, कुणाला तीन तास बी लागतेत. शेवटचा गिलास पिल्यावर दोन-तीन तासात निस्तं पाणी होऊन थांबतंय. संध्याकाळपर्यंत पोट आपलं आपल्या जागेवर."

किती सोपं उत्तर होतं. हाच प्रश्न बायकोनं मला विचारला होता. तिच्या तपासणीच्या आदल्या संध्याकाळी मी बैठकीत पूर्वपरीक्षेचे पेपर तपासत होतो. ती स्वयंपाकघराच्या दारात तांब्या घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "किती वेळात लागतं हो हे?" मी मान वर केली नाही. "पुडीवर लिहिलं असेल की." पुडीवर सगळं इंग्रजीत होतं. ती इथल्याच मुरूडच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. हे मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे? पण माझ्या हातात लाल पेन होता आणि समोर गठ्ठा होता.

तर तपासणीच्या आदल्या दिवशी मी नांदेडला आलो, स्टेशनजवळ लॉजवर खोली घेतली. आणि योग असा की त्या दिवशी एकादशी होती. माझा देवावर फार विश्वास आहे असं नाही. पण तिच्या एकादश्या मी सोडल्या नाहीत. महिन्यातून दोन दिवस घरात तिच्या हातच्यासारखा वास सुटतो, साबुदाण्याचा, दाण्याच्या कुटाचा. जमत नाही तिच्यासारखं, साबुदाण्याचा गोळा होतो माझ्या हातून, पण वास तोच येतो. मला तेवढा पुरतो.

त्या दिवशी मी एका उपाहारगृहात बसून साबुदाण्याची खिचडी खाल्ली. दुपारी भगर आणि दाण्याची आमटी. वर अर्धापूरची दोन केळी. आणि हे सगळं खाऊन मी अगदी शुद्ध मनानं समजत होतो की आपण काही खाल्लेलं नाही. हसू नका. आमच्याकडं उपासाचं खाणं हे खाण्यात धरतच नाहीत. बायको ताटभर फराळ करून शेजारणीला सांगायची, "आज सकाळपासून पोटात काही नाही बाई," आणि शेजारीणही तेवढाच फराळ करून "माझ्याही" म्हणायची. दोघींपैकी कुणी खोटं बोलत नव्हतं.

संध्याकाळी सहाला पुडी कालवली. चव म्हणजे, लिंबाच्या सरबतात कुणीतरी धुण्याचा सोडा टाकावा तशी. नाक दाबून प्यालो. गणिताचा माणूस, कागदाच्या मागं वेळ लिहीत गेलो. सहा ते सात औषध. आठ वाजून दहा मिनिटं, पहिली. म्हणजे सुरुवातीपासून दोन तास दहा मिनिटं. पुढची नोंद लिहायला फुरसत मिळाली नाही. पहाटे पुन्हा तेच. सात-साडेसातला पोट शांत झालं आणि मला वाटलं, झालो बुवा मी आरशासारखा स्वच्छ.

आता माणूस. लॉजच्या मॅनेजरला विचारलं तर त्यानं हात वर केले. बाहेर एक ऑटोवाला उभा होता, पन्नाशीचा, दाढी पिकलेला. दवाखान्यापर्यंत नेता नेता त्यानं विचारलं, "अकेले आए क्या काका?" मी सगळं सांगून टाकलं. परक्या माणसाला सांगणं किती सोपं असतं. तो म्हणाला, "बैठतूँ ना मैं. उसमें क्या है." फॉर्मवर त्यानं सही केली आणि नात्याच्या रकान्यापाशी थांबून माझ्याकडं बघितलं. "मित्र लिहा," मी म्हणालो. आमची ओळख होऊन वीस मिनिटं झाली होती.

सिस्टरनं विचारलं, "काल काही खाल्लं का?"

"न्हाई. एकादशी होती, कडक उपास होता."

तिनं बरोबरची खूण केली.

भूल उतरली तेव्हा डॉक्टर माझ्या खाटेशी उभे होते आणि चेहरा तापलेला होता. "काका, तुम्ही शेंगदाणे खाल्ले काय?"

"उपास होता ना," मी म्हणालो.

"उपासाला काय काय खाल्लं?"

मी सांगितलं. खिचडी, भगर, आमटी, केळी. काही लपवलं नाही. सिस्टर भिंतीकडं तोंड करून खांदे हलवत होती. डॉक्टर म्हणाले, "मी आतडं बघायला आलो का तुमचा फराळ? सगळं चिकटून बसलंय. काही दिसलं नाही. पुढच्या आठवड्यात परत या."

मला असा राग आला! "मग साबुदाणा चालत नाही हे सांगायचं ना आधी!"

"कागदावर लिहिलंय, काका."

लिहिलेलंच होतं. मराठीत, मोठ्या अक्षरात, चौथ्या ओळीत. आणि मी त्याच्या पाठीमागं वेळा लिहून ठेवल्या होत्या. आयुष्यभर पोरांच्या कानीकपाळी ओरडलो, आधी प्रश्न नीट वाचा. घरात दुसरं माणूस असतं तर त्यानं ताट बघून विचारलं असतं, अहो, हे चालतं का तुम्हाला? एवढंच. एवढं विचारायला मला कुणी नाही, हे त्या खाटेवर पडल्या पडल्या लख्ख कळलं.

मधला आठवडा वाईट गेला. दोनदा रक्त पडलं. रविवारी मुलानं विचारलं, "जेवलात का?" आणि माझ्या ओठांपर्यंत आलं होतं सगळं. "जेवलो," म्हणालो.

दुसऱ्या खेपेला मी तोच लॉज, तीच खोली घेतली. दिवसभर पाणी आणि नारळपाणी. भुकेनं डोकं भणभणलं. शेजारच्या खोलीत धर्माबादकडचं एक कुटुंब उतरलं होतं. डबे उघडल्याचा आवाज, भाकरीचा वास, कुणीतरी कुणाला "आजून एक घे की" म्हणत होतं. मी आणि माझी लिटरभर पुडी, भिंतीच्या अलीकडं. पहिला गिलास झाल्यावर अडीच तासांनी लागलं. मग जाऊन आलो की खाटेच्या कडेला बसायचं आणि पुढच्या हाकेची वाट बघायची. लॉजवर पाण्याला तोटा नव्हता. वर टाकी, दाबलं की धो धो. असं किती वेळा दाबलं कोण जाणे. एकदा मात्र ते पाणी वाहताना ऐकलं आणि घरची एक रात्र आठवली. ते पुढं सांगतो.

सकाळी ऑटोवाला आपणहून दारात हजर. "आज तो कुछ नै खाए ना काका?" त्यानं मला दम दिल्यासारखं विचारलं. तपासणी नीट झाली. आतड्यात एक गाठ होती, दुर्बिणीतूनच काढली. डॉक्टर म्हणाले, "साधी वाटतेय, तरी तपासायला पाठवतो. आठ दिवसांत कळेल." ऑटोवाल्यानं मला बसस्टँडवर सोडलं, चहा आणि बिस्किटाचा पुडा हातात दिला, लातूरच्या गाडीत खिडकीशी बसवलं. परत त्याची माझी भेट नाही.

आठ दिवस मी काही केलं नाही. दारातला पेपरही उचलला नाही. आठव्या दिवशी सकाळी दवाखान्यातून फोन आला. गाठ साधी निघाली. कॅन्सर नाही. पण राहू दिली असती तर पुढं बिघडली असती, असं डॉक्टर म्हणाले. आणि म्हणाले, "वेळेत आलात, काका."

फोन ठेवला आणि मी रडलो. सुटलो म्हणून नाही. "वेळेत आलात" हे तिला कुणी म्हणायला हवं होतं, आणि तिला वेळेत न्यायला हवं होतं ते मीच.

त्याच दिवशी आमच्याकडं नळ आला. लातुरात नळ येणं म्हणजे काय हे बाहेरच्याला कळायचं नाही. आठ-दहा दिवसांनी एकदा येतो. हंडे, बादल्या, पिंप, जे असेल ते भरून ठेवायचं आणि पुढच्या नळापर्यंत पुरवायचं. अंगणातल्या पिंपात पाणी पडत होतं आणि लॉजवर जे आठवलं होतं ते पुन्हा समोर आलं.

तिनं पुडी घेतली त्या संध्याकाळी नळाला अजून चार दिवस होते. पेपर तपासता तपासता मी आतून ओरडून सांगितलं होतं, "पाणी जरा जपून." रात्रभर ती अंगणातल्या पिंपावर जात होती. तांब्याचा आवाज होऊ नये म्हणून हळूच बुडवत असणार, कारण मला जाग आली नाही. सकाळी मी पिंपाचं झाकण उघडून बघितलं आणि म्हणालो, "एका रात्रीत तीन बादल्या?" ती दाराला धरून उभी होती, चेहरा पांढरा पडलेला. म्हणाली, "मी आज धुणं काढत नाही. भरून निघंल."

पिंप भरून वाहायला लागलं होतं तेव्हा मुलाचा फोन आला. रविवार होता हे माझ्या लक्षातही नव्हतं.

"बाबा, जेवलात का?"

"न्हाई," मी म्हणालो. आणि सगळं सांगितलं. रक्त, नांदेड, उपासाचा घोळ, गाठ, रिपोर्ट. तो एकदम चिडला, "आणि हे सगळं एकट्यानं केलं? रात्रभर औषध घेऊन एकटेच पडला होतात? अहो, कुणीतरी जवळ नको का?"

"तुझी आई बी एकटीच होती रे त्या रात्री," मी म्हणालो. "आणि मी घरात होतो."