सायन्स रूममधला चांदीचा पेला

ता. ४ मे १९३६, जळगाव. सकाळी आठपासूनच गरम वारा. दुपारी पत्रे तापले, ऑफिसात बसवेना.

शाळेच्या ऑफिसात सोळा वर्षं कारकुनी केली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. जुन्या टपालासारखे ते आपोआप साठतात, आणि कोणी विचारलं की कुठला वर येईल सांगता येत नाही. आजचे सगळे मात्र एकाच खोलीतले आणि एकाच माणसाचे आहेत.

माणूस म्हणजे विसपुते मास्तर. सावद्याचे, सोनाराच्या घरातले, शिक्षण मॅट्रिक. वडिलांचं दुकान धाकट्या भावाच्या नावावर करून ते दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे सायन्स शिकवायला आले. नेमणूक टेंपररी. दोन वर्षं नीट गेली तर कायम करू, असं कमिटीने तोंडी सांगितलं होतं. नाहीतर परत सावदा, आणि भावाच्या हाताखाली काम.

* * *

खोलीवर 'सायन्स' अशी इंग्रजी पाटी लागली त्याच दिवशी शिक्षकांच्या खोलीत वाद सुरू झाला. संस्कृत शिकवणारे शास्त्रीबुवा म्हणाले, सायन्स म्हणजे शास्त्र, मग ती पाटी माझ्या वर्गावर का नको? माझं शिक्षण मराठी सातवीच्या फायनलपर्यंतचं. इंग्रजी मी डिक्शनरीच्या आधारानेच शिकलो. म्हणून निवाडा माझ्याकडे आला.

मी दोन दिवस घेतले. मूळ लॅटिन शब्द 'जाणणे' या अर्थाचा. जुन्या इंग्रजीत कुठल्याही विद्येला सायन्स म्हणत. धर्माच्या अभ्यासालाही म्हणत, मुष्टियुद्धातल्या कसबालाही. पाहून, तपासून, नीट मांडलेलं सृष्टीचं ज्ञान, एवढ्यापुरता तो शब्द गेल्या शंभरेक वर्षांत आवळत आला. हे मी वाचून दाखवलं. शास्त्रीबुवा खूश झाले, ड्रिल मास्तर तर त्याहून खूश झाले. प्रत्येकाने आपापला वाटा उचलला.

विसपुते मास्तर तेवढे संध्याकाळी ऑफिसात आले. म्हणाले, "नाना, 'जाणणे' ठीक आहे. पण जाणलं हे कशावरून, ते त्या पुस्तकात आहे का?"

मी 'तपासून' या शब्दावर बोट ठेवलं. त्यांनी तो दोनदा वाचला आणि गेले.

* * *

मुंबईहून उपकरणांची पेटी आली. नाजूक तराजू, काचेच्या नळ्या, थर्मामीटर. आबासाहेबांनी सगळं कपाटात ठेवून कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला लावली. आबासाहेब म्हणजे कमिटीचे चेअरमन, जिनिंग फॅक्टरीचे मालक, मूळ दोंडाईचाचे. त्यांचं म्हणणं, वापरून फुटलं तर इन्स्पेक्टरला काय दाखवायचं?

मास्तर पुढच्या रविवारी सावद्याला गेले आणि वडिलांचा तराजू घेऊन आले. दुकानातली तेवढी एकच वस्तू त्यांनी भावाकडे मागितली. दोन वर्षं आमच्या शाळेचं सायन्स त्या सोनाराच्या तराजूवर चाललं.

* * *

खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या हत्यारांची पूजा होते. जिनमध्ये यंत्रांची, घरी विळ्या-कोयत्यांची, मग शाळेत सायन्सच्या कपाटाची. उस्मानभाई शिपायाने पहाटे धुण्याच्या सोड्याने कपाट पुसून काढलं. ते ओलं असतानाच आबासाहेब आले आणि दारावर पाच बोटं हळदीची ओढली.

पाहता पाहता बोटं लालभडक झाली. जणू दारातून रक्तच आलं.

आबासाहेब घाबरले की गावाकडच्या बोलीवर जातात. "हाई काय शे? बठ्ठं लाल व्हई गयं!"

शास्त्रीबुवांनी लगेच शांती करावी लागेल म्हणून सांगितलं. उस्मानभाई मागे बादली घेऊन उभे होते. त्यांचे वडील रंगारी. ते हळूच म्हणाले, "सोडा लगा तो हल्दी लाल होतीच है, साब. लिंबू डालो, फिर पीली."

मास्तरांनी तिथल्या तिथे पूजेतलं लिंबू पिळून दाखवलं. हळद पिवळी झाली. आनंदाच्या भरात ते बोलून गेले, "इथं आज सायन्सचं उत्तर एकट्या उस्मानभाईंनी दिलं."

आबासाहेबांनी नारळ न फोडताच जोडे घातले.

* * *

डिसेंबरात इन्स्पेक्टर आले. कपाट उघडलं, तर नळ्यांभोवतीचं पॅकिंगचं गवत तसंच. साहेबांनी कपाटातल्या तराजूवरचं पूजेचं कुंकू बोटाने पुसलं आणि मास्तरांना इंग्रजीत विचारलं, सायन्स म्हणजे काय?

मास्तरांचं इंग्रजी बेताचं. मराठीत बोलू का, अशी त्यांनी परवानगी मागितली. मग म्हणाले, "मी सांगतो ते साहेबांनी स्वतः तोलून बघावं. चुकलं तर मी फळा पुसतो."

साहेबांनी शेरा लिहिला: शिक्षक उत्तम. उपकरणे खरेदीच्या दिवशी होती तशीच आहेत.

आबासाहेबांनी दुसऱ्या वाक्याला फ्रेम करून घेतली.

* * *

जानेवारीत मास्तर वर्गात धातूचा जडपणा शिकवत होते. पाण्यात बुडवून तोलायला मोठी, शुद्ध वस्तू हवी होती. शिक्षकांच्या खोलीत चांदीचा पेला होता. ड्रिलच्या स्पर्धेसाठी आबासाहेबांनी स्वतःच्या वडिलांच्या नावाने दिलेला.

मास्तरांनी आधीच फळ्यावर लिहून ठेवलं: चांदी, पाण्याच्या साडेदहापट जड. मग पेला तोलला. साडेआठपट आला.

वजनं बदलून पुन्हा तोलला. पाणी बदलून तिसऱ्यांदा. साडेआठ. मास्तरांनी साडेदहाच्या खाली साडेआठ लिहिलं, पेला पुसून जागेवर ठेवला आणि तास संपवला.

संध्याकाळपर्यंत पेला पितळेचा निघाल्याची गोष्ट जिनवर पोचली. आबासाहेबांनी बोलावून विचारलं, पोरांना काय सांगितलंत? मास्तर म्हणाले, "मी काहीच बोललो नाही. आकडा फळ्यावर आहे."

* * *

एप्रिलअखेर कमिटी बसली. विषय एकच, विसपुते यांना कायम करणे. प्रोसीडिंग लिहायला मी होतो. इन्स्पेक्टरांचा शेरा मी वाचला, शेऱ्यातलं पहिलं वाक्यसुद्धा. डिक्शनरी बरोबर नेली होती; 'तपासून' असलेली ओळ वाचायला लागलो तर आबासाहेब म्हणाले, "नाना, मिटा ते पुस्तक. ग्रँट काही डिक्शनरी देत नाही."

मग ते मास्तरांकडे वळले. आवाज मऊ होता. म्हणाले, तोलण्यात माझी चूक झाली एवढी एक ओळ लिहून द्या, आत्ता कायम करतो.

मी माझी दौत मास्तरांपुढे सरकवली. ते मी केलं, हे इथे लिहून ठेवतो.

मास्तर दौतीकडे बघत राहिले. सगळ्यांना वाटलं, लिहितात.

"पेला आणा," ते म्हणाले. "तुमच्यासमोर पुन्हा तोलतो. चूक निघाली तर याच टाकाने लिहून देतो."

ते उठून तराजू घेऊन आले, टेबलावर लावला, पारडी स्थिर होईपर्यंत थांबले. उस्मानभाई पेला आणायला गेले आणि रिकाम्या हाताने परत आले. पेला जागेवर नव्हता.

"पॉलिशला दिलाय," आबासाहेब म्हणाले. "कालच."

ठराव झाला: विसपुते यांची नेमणूक तीस एप्रिलला संपली.

पेला आज सकाळी परत आला. आबासाहेबांच्या हुकमाने आणि त्यांच्याच किल्लीने उस्मानभाईंनी तो सायन्सच्या कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं. मास्तर दुपारच्या गाडीने सावद्याला गेले. तराजू त्यांचा होता, तो ते घेऊन गेले.