हलगीच्या ठेक्यावर सुटलेले पाय

लातूरच्या दवाखान्यात मेंदूविकारांच्या डॉक्टरांनी मला आधी सही करायला लावली, मग खोलीभर चालायला. सही मुंगीएवढी आली. चालताना उजवा हात पुढं-मागं हलतच नव्हता. डॉक्टर खुर्ची ओढून जवळ बसले आणि म्हणाले, "गुरुजी, हा पार्किन्सन्स आहे. यानं लगेच जीव जात नाही, पण हा स्वतःही जात नाही. सोबत राहणार आहे."

मी अहमदपूरच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालो. हात थरथरतो तो वयामुळं, असं धरून चाललो होतो. डॉक्टरांनी समजावलं: मेंदूत डोपामिन नावाचं रसायन असतं, हालचालीचा निरोप त्याच्यामुळं नीट पोचतो. ते माझ्यात कमी होत चाललं होतं. गोळ्या सुरू झाल्या. सदऱ्याची बटणं पुन्हा माझी मला लावता येऊ लागली. बरेच दिवस बरे गेले.

मग पाय अडकू लागले. डॉक्टर त्याला 'फ्रीझिंग' म्हणतात, म्हणजे थिजणं. मनात निघायचं असतं, पायांत ताकदही असते, पण तळवे जमिनीला डांबरानं चिकटवल्यागत होतात. उंबऱ्यात, वळणावर, गर्दीत तर हमखास.

एकदा एसटीच्या दारातच थिजलो. मागून कुणीतरी ओरडलं, "ओ बाबा, उतरा की! पिऊन आलाव का?" खाली माझा एक जुना विद्यार्थी उभा होता. त्यानं मान फिरवली. माझी बायको सुनंदा रडवेली होऊन माझा हात ओढत राहिली, आणि ती ओढेल तसा मी आणखी घट्ट होत गेलो.

त्यानंतर मी बाहेर पडणं सोडलं. लग्नाला नाही, बाजाराला नाही. एकदा घरातल्या घरात पडलो आणि कपाळाला टाके पडले, तेव्हा सुनंदानं मला पुन्हा लातूरला नेलं.

डॉक्टरांनी गोळ्यांच्या वेळा बदलल्या आणि फिजिओथेरपी विभागात पाठवलं. तिथं डॉ. आयेशा होत्या, नांदेडच्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी मला चालवून पाहिलं आणि म्हणाल्या, "सर, बुधवारी या. आम्ही पार्किन्सन्सच्या पेशंटांकडून लेझीम करून घेतो."

मला राग आला. "मॅडम, मला नीट चालता येईना, अन् तुम्ही मला नाचायला बोलवायलात?"

"म्हणूनच बोलवतेय," त्या शांतपणे म्हणाल्या. "चाल आपोआप सुरू करायची जी सोय मेंदूत असते, ती तुमच्यात बिघडलीये. बाहेरून ताल मिळाला की मेंदू दुसऱ्या वाटेनं पायांपर्यंत पोचतो. सगळ्यांनाच जमतं असं नाही. पण करून बघू."

बुधवारी सुनंदानं मला जवळजवळ धरूनच नेलं. हॉलमध्ये सात-आठ पेशंट भिंतीच्या कडेनं बसले होते. हलगीवाला हलगी तापवून तयार होता. माझ्या हातात लेझीम दिली, आणि ठेका सुरू व्हायच्या आतच ती छुमछुम वाजायला लागली. हात थरथरत होता ना! मी शरमेनं ती पोटाशी दाबली.

शेजारी लातूरजवळच्या मुरुडच्या मुक्ताबाई बसल्या होत्या. त्यांचीही लेझीम आपोआप वाजत होती. "वाजू द्या, गुरुजी," त्या म्हणाल्या. "आपल्याला फुकट वाजविता येतंय. ह्या धडधाकट लोकायला मेहनत करावी लागती." सगळा हॉल हसला. मीही हसलो, किती तरी दिवसांनी.

हलगी सुरू झाली. डॉ. आयेशा माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "पायांकडं बघू नका. ठेका ऐका, अन् ठेक्यावर पाऊल टाका." पहिले दोन ठेके तसेच गेले. तिसऱ्यावर उजवा पाय उचलला. मग डावा. भिंतीपर्यंत गेलो आणि वळलोसुद्धा. जागेवर येऊन बसलो तेव्हा घामानं सदरा भिजला होता आणि डोळे भरून आले होते.

तेव्हापासून बुधवार चुकवत नाही. लेझीम हे औषध नाही, गोळ्या चालूच आहेत, आणि आजार पुढं सरकणार हे डॉक्टरांनी लपवलेलं नाही. एखाद्या दिवशी ठेकाही कामाला येत नाही. पण आता बाजारात पाय अडकला तर मी घाबरत नाही. थांबतो, तोंडानं 'ढणक् ढणक्' म्हणतो आणि निघतो. लोक बघतात. बघू द्या.

तुमच्या घरी असा माणूस असेल तर एवढंच सांगतो: त्याला ओढू नका. शेजारी उभं राहा आणि हळू, ठेक्यात टाळ्या वाजवा.

सुनंदा दर वेळी माझ्यामागं हात पसरून चालायची, मी पडलो तर धरायला. मागच्या बुधवारी डॉ. आयेशांनी तिच्याही हातात लेझीम दिली. "मला कुठं येतंय?" म्हणत ती लाजली, मग पदर खोचून माझ्यासमोर उभी राहिली. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आम्ही दोघं एकत्र कधी नाचलो नव्हतो. मास्तराला शोभत नाही, असं मलाच वाटायचं.

तिचा ठेका चुकत होता. मी म्हणालो, "अगं, पायांकडं बघू नको."

"गप बसा," ती हसत म्हणाली, "अन् नाचा."