मेल्चोराचा अर्धा कारभार

मेल्चोरा कोंडोच्या जिभेला गावातली कुत्रीसुद्धा भीत. तिचा नवरा लुकास त्या वर्षी गावाचा मुखिया होता. पण डोंगरावरच्या आयमारा लोकांच्या गावांत मुखियापण एकट्या पुरुषाला मिळत नाही, ते नवराबायकोनं मिळून घ्यायचं असतं. स्पेनच्या राजाच्या शिपायांना हे कुठून ठाऊक असणार? त्यांनी लुकासला धरून खालच्या ठाण्यात कोंडलं आणि आता या गावाची वाचा बसली, असं समजून ते निर्धास्त झाले.

तेवढ्यात राजाविरुद्ध उठलेल्या बंडवाल्यांचा कप्तान वर आला. शहरी माणूस, स्वातंत्र्यावर फार छान बोलला. मग मुद्द्यावर आला: ओझी वाहायला माणसं आणि लामा जनावरांचे कळप हवेत. मुखिया कोण, असं त्यानं विचारताच म्हातारे एकमेकांची तोंडं बघू लागले. मेल्चोरा उठली.

"अर्धा मुखिया तुरुंगात आहे. उरलेला अर्धा तुमच्यासमोर उभा आहे. बोला."

कप्तान हसला, पण दुसरं कुणीच हसेना.

तिनं पाठीवरचं फडकं सोडून अंथरलं आणि त्यावर कोकाची पानं ओतली. त्यातलं पान उचललं की शब्द दिला, मग माघार नाही. तिनं अटी सांगितल्या. आमचं कुणी हमाल म्हणून येणार नाही, आमची माणसं आमच्याच हुकमात लढतील. राजाला देत आलो ती डोईपट्टी तुम्हाला मिळणार नाही. आणि पहिलं ठाणं पाडायचं ते खालचं. म्हातारे कुजबुजले, अशानं लुकासचाच जीव आधी जाईल. ते तिला कळत नव्हतं थोडंच! कप्तानानं पान उचललं.

मग काय विचारता! शंख वाजले, डोंगरामागून डोंगर उत्तर देऊ लागले. पहाटे ठाण्यावरचा कडा माणसांनी भरून गेला. बायका गोफणी घेऊन पुढे, आणि कड्याच्या टोकाशी रचून ठेवलेले धोंडे.

शिपायांनी लुकासला तटावर उभं केलं. लोकांना परत जायला सांग, म्हणाले. तो आयमारात ओरडला,

"मेल्चोरा, माझ्याकडे बघू नकोस. लोट!"

भाषा न समजलेल्या अंमलदारानं खूश होऊन त्याची पाठ थोपटली. मेल्चोरानं डोळे मिटले आणि पहिला धोंडा स्वतः लोटला.

दरवाजा फुटला, तट ढासळला, शिपाई बंदुका टाकून पळत सुटले. ती कड्यावरून खाली धावली आणि धुरळ्यात लुकासला शोधत वेड्यासारखी दगड उपसू लागली. तेवढ्यात मागून लंगडत कुणीतरी आलं.

"लोट म्हणालो होतो," लुकास खोकत म्हणाला, "अख्खा डोंगर नव्हता सांगितला."