आगाऊ सह्या

हवालदार अंकुश ठवकर वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. वर्दीतला माणूस म्हटलं की ऐकणाऱ्याच्या कपाळावर आठी पडते, म्हणून. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यानं कुणाच्या कानफटात विनाकारण वाजवली नाही. टपरीवर चहा प्यायला तर पैसे देऊन उठला. मोहल्ल्यात भांडण झालं की लोक ठाण्याआधी त्याला फोन करत. निवृत्तीला चौदा महिने उरले होते. दोष एकच होता. कागद पुरा झाला की काम पुरं झालं, असं त्याला मनापासून वाटे. हा दोष त्या एकट्याचाच, असं कुणाला वाटत असेल तर त्यानं सरकारी कचेरीची पायरी कधी चढलेली नसावी.

जुन्या नागपुरातल्या एका बोळीत कुसुमताई निनावे एकट्या राहत. वय एक्याऐंशी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, मुलगा पुण्याला. दोन वर्षांपूर्वी दोन भामटे 'आम्ही पोलीस आहोत, दागिने काढून ठेवा' म्हणत आले आणि हातातल्या बांगड्या घेऊन गेले. तेव्हापासून त्या दूधवाल्यालाही दार उघडेनात. शेवटी ठाण्यानं ठरवलं की हवालदारानं रोज अकराला जाऊन म्हातारीची खबर घ्यायची. दाराच्या आतल्या खिळ्याला सुतळीनं एक वही टांगली. तारीख, वेळ, सही. महिना भरला की त्यावर साहेबांचा शिक्का.

अंकुश मोटरसायकलच्या किल्लीनं कडीवर दोनदा वाजवी. त्या आवाजावर कुसुमताईंचा असा भरोसा बसला की त्या 'कोण' म्हणूनही विचारत नसत. तो उंबऱ्यात उभ्या उभ्या सही ठोके. किल्ली हातातच खुळखुळत असे.

"बस न गा घडीभर," त्या म्हणत.

"उद्या बसतो, काकू."

डिसेंबर उजाडला आणि थंडीबरोबर अधिवेशनही आलं. नागपूरच्या पोलिसाला त्या दिवसांत स्वतःचं घर दिसत नाही, तिथे दुसऱ्याची म्हातारी कुठून दिसणार? मोर्चे, बॅरिकेड, सकाळी सातपासून रस्त्यावर. बारा दिवसांचा बंदोबस्त लागला. सात तारखेला अंकुशनं वही खिळ्यावरून काढली. आठपासून एकोणीसपर्यंतच्या तारखा टाकल्या, प्रत्येकीपुढे अकराची वेळ लिहिली आणि एका दमात बारा सह्या करून टाकल्या.

"कोणी विचारलं तं सांगजा काकू, हवालदार रोज येते म्हणून."

कुसुमताईंनी मान हलवली. अंकुशला त्यात काही वावगं वाटलं नाही. बंदोबस्तात सगळेच असं करतात.

सोळा तारखेला त्याला अर्ध्या दिवसाची सुट्टी मिळाली. मनात कुठेतरी खुटखुटत असावं, कारण घरी जाण्याऐवजी तो साडेदहाला बोळीत शिरला. किल्ली वाजवली. दार उघडलं.

"बरं हाये न, काकू?" त्यानं विचारलं.

"आज लवकर काहून आला गा?" कुसुमताई म्हणाल्या. मग डोळे बारीक करून त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. "अन् आज बोलून राहिला तू?"

"म्हणजे?"

"आठ दिवस झाले, येतं अन् बसतं त्या खुर्चीवर. एक शब्द नाही. मीच बोलत राहतो आपली. माह्या लग्नाचं सांगतलं, पोराचं सांगतलं, गिरणी बंद पडली तवाचं सांगतलं. सारं ऐकून घेतलं तू."

अंकुशच्या पायाखालची जमीन सरकली. पुन्हा भामटे! त्यानं कपाट पाहिलं, गादीखाली पाहिलं, त्यांच्या कानांतली फुलं पाहिली. सगळं जागच्या जागी होतं. गोळ्यांच्या पाकिटातल्या गोळ्यासुद्धा बरोबर तारखेपर्यंत संपलेल्या.

"वर्दी होती अंगावर?"

"होती न. तूच होता तं मग!"

त्याला घाम फुटला, डिसेंबरात. वर्दी घालून कुणी आठ दिवस या घरात येऊन बसत असेल, तर ते ताबडतोब ठाण्याला कळवायला हवं होतं. पण कळवलं की साहेब आधी वही मागणार. वहीत त्या आठही दिवशी अंकुश ठवकर इथे हजर होता, स्वतःच्या हातानं. खोटी नोंद म्हणजे चौकशी, आणि या वयात चौकशी म्हणजे निलंबन, अडकलेलं पेन्शन. न कळवावं, तर म्हातारी रोज अकराला दार उघडणार, आणि ते कुणासाठी हे देवालाच ठाऊक. त्यानं ठरवलं, कुणाला सांगायचं नाही. अकराला आपणच त्याला धरायचं.

दाराला आतून कडी घालून तो लागूनच पाटावर बसला. मोटरसायकलची किल्ली मुठीत आवळलेली. कुसुमताई खुर्चीवरची धूळ पदरानं पुसत होत्या. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजले.

बाहेरून कडी वाजली. दोनदा. लोखंडावर किल्लीचा आवाज, मधला थांबाही नेमका तेवढाच. अंकुशनं मूठ उघडून पाहिली. किल्ली तळहातावर होती.

त्यानं झटक्यात दार उघडलं. बोळीत ऊन पडलं होतं. एक कुत्रं उन्हात पाय ताणून झोपलं होतं, त्यानं कानही हलवला नाही. समोरच्या ओट्यावर शेजारीण इंदूबाई वड्या वाळत घालत होती.

"आत्ता कोण आलं होतं इथं?"

इंदूबाई हसली. "मजाक करता का साहेब? तुम्हीच तं आत्ता आत गेले. रोज याच वेळेले जाता. परत बाहेर कवा आले?"

मागे घरात कुसुमताई बोलत होत्या. "ये, बस. आज तुह्यावानीच एक आला हाये, पाह्य. दारात उभा हाये. तो काही बसत नाही."

तो वळला. खुर्ची रिकामी होती. कुसुमताई तिच्या समोर, जमिनीवर, मांडी घालून बसल्या होत्या आणि मान किंचित वर करून हसत होत्या. कुणीतरी डोळ्यांत पाहून ऐकत असलं की माणूस जसं हसतं, तसं. अंकुशकडे पाहून त्या असं कधी हसल्या नव्हत्या. भीती तर त्याला वाटलीच, पण त्या भीतीत थोडा मत्सरही होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

त्यानं वही ओरबाडून काढली. सोळा तारखेच्या सहीवर आडवी रेघ मारली, बाजूला लिहिलं, 'चुकीची नोंद, सही आगाऊ केली होती'. मग सतरा, अठरा, एकोणीस. मग मागे जाऊन पंधरा, चौदा, थेट आठपर्यंत. प्रत्येक रेघेबरोबर आपली नोकरी आपणच खोडतो आहोत, हे त्याला कळत होतं. तरी त्यानं एकही सही सोडली नाही.

शेवटची रेघ मारली तेव्हा कुसुमताई बोलता बोलता थांबल्या.

"गेला," त्या म्हणाल्या. "माह्यं बोलणं अर्धंच राह्यलं न गा."

"काकू, तो मी नव्हतो. मी आलोच नव्हतो. मी खोट्या सह्या केल्या होत्या."

म्हातारी आता रडेल, शिव्या देईल, मुलाला फोन लावेल, असं त्याला वाटलं. त्या उठल्या, चाचपडत त्याच्याजवळ आल्या आणि वहीचं कोरं पान उघडून त्याच्यापुढे धरलं.

"मंग आता वर्षभराच्या करून दे."

अंकुशच्या हातात पेन होतंच. आणि त्याची लाज अशी, की क्षणभर त्याला ते सोयीचंही वाटलं. रोजची फेरी वाचली असती, म्हातारी खूश राहिली असती, कागद पुरा झाला असता.

त्यानं पेन खिशात टाकलं. "नाही काकू. आता मीच येईन. रोज येईन, बसेन, सगळं ऐकेन. शब्द देतो."

कुसुमताईंनी वही बंद केली.

"तो कधी शब्द देत नव्हता गा," त्या म्हणाल्या. "तो येत होता."