बैठकीतला लेथ

पंपाचा शाफ्ट झिजला होता आणि पाण्याविना बांधीतलं, म्हणजे शेतातलं, उभं धान सुकत होतं. शहापूरच्या एकाने भंगारातून स्वतःच लेथ बनवला आहे असं कळलं, म्हणून त्याच्या घरी गेलो. लेथने अख्खी बैठक व्यापली होती. बटण दाबण्याआधी त्याने आत हाक दिली, "चालू करून राहिलो वो." बायकोने लगेच भांड्यांची फळी दोन्ही हातांनी धरली. मग खिडक्या, घड्याळ आणि मीही थरथरू लागलो. तो मात्र जीभ दातात धरून लोखंडाची केसाएवढी साल काढत होता.

"एवढं हलतंय, माप चुकणार नाही का?" मी विचारलं.

"मशीन नाई हलत भाऊ, घर हलते. मशीनचा पाया पक्का हाय."

शाफ्ट अचूक बसला, धान वाचलं. घराचं काय झालं, हे विचारायची मात्र मला अजून हिंमत होत नाही.