पहिलं आवतन

आवडतं गाणं कोणतं, असं कुणी विचारलं की मी रेडिओवरचं एखादं सांगून मोकळी होते. खोटं नाही सांगत, तीही मला आवडतातच. आमचं गाव आष्ट्यापासून चालत जाण्याइतकं जवळ. आष्ट्याच्या स्टँडसमोर एका हॉटेलात रेडिओ होता आणि शनिवारी संध्याकाळी सांगलीची गाडी यायच्या वेळेला त्यावर हमखास सिनेमाची गाणी लागलेली असत. आबा, म्हणजे माझे वडील, सांगलीला हळदीच्या पेवांवर कामाला होते. पेव म्हणजे हळद साठवायला जमिनीत खोल खणलेलं कोठार. आठवडाभर तिकडे राहून ते शनिवारी घरी यायचे. गाडीतून उतरणारा माणूस पटक्यापासून पायताणापर्यंत पिवळा असला की तो आमचा. त्या वेळचं एखादं गाणं आजही कानावर पडलं की मला आधी हळदीचा वास येतो, शब्द मागून ऐकू येतात. आई त्यांना दारात बघून म्हणायची, "ह्यांची हळद काय उतरंना. पोरी लग्नाला आल्या तरी ह्ये आपलं नवरदेवच."

पण माझी खरी आवडती गाणी आईची, जात्यावरची. ती अर्धवट आहेत. ते का, हे सांगायला वेळ लागतो, म्हणून एरवी मी त्या वाटेला जात नाही.

आईचं माहेर रहिमतपुराकडचं. तिच्या गळ्याची कीर्ती लग्नाआधीपासूनची होती. आमच्या माणसांत कुठंही लग्न निघालं की हळद दळायला जातं मांडायचे आणि जातं मांडलं की आईला बोलावणं यायचं. अशाच कुणाच्या तरी लग्नात आबांनी तिला ऐकलं. लोक मुलगी बघायला जातात, मी ऐकून आलो, असं ते मोठ्या तोऱ्यात सांगायचे. आई तेवढ्यापुरती त्यांच्याकडे पाठ करून बसायची, पण उठून मात्र जायची नाही.

छप्पन सालानंतर आमच्या सगळ्या आळीनं बौद्ध धम्म घेतला, जुने देव मानणार नाही असा शब्द दिला. देव्हाऱ्यातले देव टोपलीत भरून कृष्णेला न्यायचे ठरले, तेव्हा आबा टोपली उचलायला वाकले. आईनं त्यांना थांबवलं. "ह्ये माझ्यासंगं माहेरास्नं आल्यात. मीच न्हेते," म्हणाली आणि टोपली स्वतःच्या डोक्यावर घेऊन गेली. परत आली ती रडत नव्हती की हसत नव्हती. हातपाय धुऊन भाकरीला बसली. हे मला ताईनं सांगितलं. मी तेव्हा अगदीच लहान होते.

घरातले देव असे एका दुपारीत गेले. गाण्यातले मात्र कुणाच्या ध्यानातच आले नव्हते. दुसऱ्या दिवशी पहाटे आई जात्यावर बसली, सवयीनं ओवी सुरू केली, आणि दुसऱ्याच ओळीत देवाचं नाव आलं. तिथं तिनं तोंड मिटलं. हात थांबला नाही. जात्याची घरघर तेवढी एक फेरा चालली आणि नावाच्या पुढून तिनं ओवी पुन्हा उचलली. त्या दिवसापासून तिची सगळी गाणी अशीच झाली. कुणी तिला सांगितलं नव्हतं, कुणी अडवलंही नव्हतं. "ज्या तोंडानं सबूद दिला त्याच तोंडानं कसा मोडू?" एवढंच तिचं म्हणणं. हळूहळू तिनं लोकांच्या लग्नांना जाणं सोडलं. बोलावणं आलं की घसा बसलाय म्हणायची. घसा चांगला ठणठणीत होता, आम्हाला रागं भरताना तो कधी बसला नाही.

आता मला काय माहीत गाणी आधी पुरी होती ते? मी ऐकली तीच अशी. मला वाटायचं, गाणं असंच असतं, मध्येमध्ये जातं बोलतं आणि मग माणूस बोलतं.

तिसरीत असताना शनिवारी शेवटच्या तासाला गुरुजींनी एकेकीला गाणं म्हणायला उभं केलं. मी आईची ओवी धरली. गप्प बसायची जागा आली तशी गप्प बसले, आईसारखा हात गोल फिरवला आणि पुढची ओळ म्हटली. गुरुजींना वाटलं, पोरगी विसरली. त्यांनी हळूच देवाचं नाव सुचवलं. मी मान हलवून नको म्हटलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. तिथं आले, पुन्हा गप्प, पुन्हा हात गोल. गुरुजींनी या खेपेला नाव जरा मोठ्यानं सांगितलं.

"विसरलीस काय गं?"

"न्हाई गुरुजी. तिथं काय नसतंय."

वर्ग खो खो हसला. मला राग आला, कारण चूक गुरुजींची होती. ते भले गृहस्थ होते. माझ्याकडे बघत राहिले, मी कुठल्या आळीची ते त्यांना आठवलं असावं, आणि म्हणाले, "बरं, नसू दे. म्हण पुढं."

घरी येऊन मी सांगितलं तसं ताईनं त्याचं नाटक करून दाखवलं. गुरुजी तीच आणि मीही तीच. आबा हसून हसून खोकायला लागले. आईनंही तोंडाला पदर लावला. मग हसू ओसरल्यावर ती सुपातली ज्वारी निवडत बसली आणि बऱ्याच वेळानं, कुणाकडे न बघता म्हणाली, "पोरीला मी फाटकी गाणी दिली." मला मात्र फाटकं काय त्यात, ते कळलं नाही.

त्याच वर्षी ताईचं लग्न ठरलं. नवरामुलगा साताऱ्याला गॅरेजात कामाला होता. आमच्या आळीतलं नव्या पद्धतीचं हे पहिलंच लग्न. पांढरे कपडे, वंदना, दोन्हीकडच्यांनी शब्द द्यायचे, झालं लग्न. सगळ्याला सगळे तयार होते. हळद लावायची की नाही, यावर मात्र आळीत दोन तट पडले. ती जुनी रीत, सोडून द्या, असं तरुण पोरं म्हणायला लागली. आबांनी तो वाद एका वाक्यात मिटवला. "हळद काय देवाची हाय व्हय? ती आमी पेवातनं काढतो. माझ्या लेकीला हळद लागंल."

हळद लागणार म्हटल्यावर जातं मांडणं आलं आणि जातं आलं की गाणं आलं. त्या गाण्याची रीत अशी, की सुरुवातीच्या ओव्यांतून लग्नाची आवतनं द्यायची. आवतन म्हणजे आमंत्रण. पहिलं आवतन घरच्या देवाला, मग डोंगरावरच्या, मग नदीकाठच्या. देवांची रांग संपली की मग माणसं. म्हणजे सगळी सुरुवातच त्या गप्प बसायच्या जागांनी भरलेली. इथं नुसती घरघर करून कसं भागणार? मुक्या जात्यावर दळलेली हळद लेकीला लावायची, हे आईच्या जिवाला लागून राहिलं. त्यात ताई हट्टी. "आई गाणार नसंल तर मी जात्याला हात लावणार न्हाई," तिनं सांगून टाकलं.

शेजारची काकी, वयानं आईहून बरीच थोरली, एक दिवस मुद्दाम येऊन बसली. "एवढा इचार कशापायी करतीस? देवाच्या जागंला बुद्धाचं नाव घाल. समद्या गावांतनी बायका तसंच करत्यात, लय ग्वाड वाटतंय."

"आवं काकी, त्येनीच सांगून ठेवलंय, मी देव न्हाई," आई म्हणाली. "मग त्यास्नीच उचलून देवाच्या पाटावर बसवू? त्येंचं तरी ऐकलं का मग मी?"

आबा भिंतीला टेकून नुसते ऐकत होते. आईशी वादात जिंकायचं नसतं हे त्यांना लग्न झाल्यापासून ठाऊक होतं.

पण हळदीच्या आदल्या शनिवारी ते आले ते सोबत निवडक हळकुंडं घेऊन. सगळी एका जाडीची, मोडली तर आत केशरी. ती आईच्या पुढ्यात ठेवून म्हणाले, "एक दीस घे की नावं. मी भाईर जाऊन बसतो. मला कायबी ऐकू येणार न्हाई."

मी चुलीजवळ होते. आबांचा आवाज असा खाली आलेला मी ऐकला नव्हता. ज्या माणसानं तिला ऐकून लग्न केलं, तो तिनं गावं म्हणून कान बंद करायला तयार झाला होता. आईला ते समजलं. तिचे डोळे भरले.

"तुमास्नी भाईर बसवून मी काय गाऊ?" ती म्हणाली. "सोडलं ते सोडलं. बघू."

त्या 'बघू'वर आम्ही सगळे आठवडाभर लटकलो होतो.

हळदीच्या दिवशी अंगणात जातं मांडलं. खुंट्याला आंब्याचा डहाळा बांधला. आळीतल्या बायका भोवतीनं बसल्या. काही जणी कितीतरी वर्षांनी आईला ऐकायला मिळेल म्हणून आल्या होत्या आणि काही जणी, खरं सांगायचं तर, ती आता काय करते ते बघायला. आबा कुडाशी उभे होते. बाहेर गेले नव्हते. हळकुंडांचा पहिला घास नवरीनं जात्यात घालायचा असतो, पण ताई हात मांडीवर ठेवून आईकडे बघत बसली.

आईनं खुंटा धरला. समोर काकी बसली. रिकामंच जातं फिरायला लागलं आणि आईनं आवाज लावला. रेडिओत असतो तसा गोड नव्हता तो, जरा जाड, पण अंगण भरून उरणारा. पहिल्या ओवीतच ती जागा होती. आई तिथवर आली आणि गप्प झाली. घरघर. एक फेरा गेला. दुसराही गेला. एवढी लांब गप्प ती कधी राहत नसे. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मी मनातल्या मनात तिच्यासाठी पुढची ओळ म्हणत होते.

आणि मग आईनं ती म्हटली, पण मला ठाऊक होती ती नव्हे.

पयलं आवतन गं, माझ्या लेकीला
उद्याच्या पाव्हणीला

नवरीला कुणी तिच्याच लग्नाचं आवतन देत नाही. ती घरचीच असते. उद्यापासून नसणार होती. आजवर जिला कधी बोलवावं लागलं नाही, तिला उद्यापासून बोलावल्याशिवाय येता येणार नव्हतं. म्हणून आईनं सगळ्यांच्या आधी, घरच्या देवाच्या जागेवर, तिला बोलावलं. काकीचा हात थांबला, त्याबरोबर जातंही थांबलं. त्या शांततेत ताईनं ओंजळभर हळकुंडं उचलली, जात्यात घातली आणि ओल्या आवाजात म्हणाली, "येते गं आई."

आईनं पदरानं डोळे पुसले आणि काकीकडे बघून म्हणाली, "एवढी वरसं आवतनं दिली, काकी. 'येते' म्हणणारी ही पयलीच."